पासंग

वार्षिक अंकातलं 'ओळख सभासदाची' हे पान माझ्याकडे असतं.
दीडशे शब्द, एक फोटो, परवाना क्रमांक.
ठाणे परिसर वजनकाटे दुरुस्ती व्यावसायिक मंडळ :
नाव एवढं लांब
की पावतीवर सभासदाच्या नावाला जागा उरत नाही.

यंदा हरेश्वर तरे.
राहणार चेंदणी, वय एकाहत्तर.
दुकान जांभळी नाक्याच्या मागे,
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
उभं राहिलं की डोक्यावरून
कुणीतरी वर निघालेलं असतं.

'पुरस्कार?' मी फॉर्म उघडून विचारलं.
ते एका लोखंडी वजनाच्या बुडातल्या भोकात
शिसं ओतत होते.
'विशेष कामगिरी?'
'जरा थांब. हे थंड होईस्तोवर बोलायचं नसतं.'

मग बोलले ते काट्यांबद्दलच.
कळव्यातला एक सोनार,
त्याचा काटा पंखा सुरू केला की अंग चोरतो.
तुर्भ्याच्या बाजारात कांद्याचा मोठा काटा,
त्याच्या पोटात एकदा उंदरीण व्यायली होती,
पिल्लं मोठी होईपर्यंत
रोजचं वजन थोडं थोडं वाढत होतं म्हणे,
आणि व्यापाऱ्यानं तक्रार केली नव्हती.

मी रकाना रिकामाच ठेवला.
'आता हे लिही,' ते म्हणाले.
'एक्क्याण्णव साली एका किराणावाल्याला
पारड्याखाली वायसर बसवून दिला मी. वीस ग्रॅमचा.
मुलीची फी भरायची होती.
अकरा दिवस चालला तो काटा.
बाराव्या दिवशी जाऊन काढला, पैसे परत केले.
पण अकरा दिवसांची डाळ
कुणाकुणाच्या घरात कमी शिजली,
ते कुठल्या वहीत बघणार?
छाप एवढं.'

मी लिहिलं.
मोजले तर बरोबर दीडशे शब्द भरले.

वागळे इस्टेटमधल्या सभेत
अध्यक्ष शिरधनकरांनी लाल पेन काढलं.
'गौरवाचं पान आहे बाई, पंचनामा नव्हे.'
खाली राहिलेल्या जागेत मी घातलं :
निष्ठावान, मनमिळाऊ, व्यवसायाला वाहून घेतलेले.
हे शब्द माझ्याकडे कायम शिल्लक असतात.
माझ्या वडिलांच्या पानावरही
मीच ते वापरले होते.

कोपरीच्या हॉलमध्ये समारंभ.
शाल, श्रीफळ, मानचिन्ह,
माइकची शिट्टी.
अध्यक्ष म्हणाले,
'आपण कुणीही तरेकाकांच्या
पासंगालासुद्धा पुरणार नाही!'
टाळ्या पडल्या.
काका माझ्या कानाशी वाकले,
'पासंग लावावा लागतो तो काटाच मुळात वाकडा असतो.
ह्यांचा परवाना कुणी तपासला?'
आणि मानचिन्ह तळहातावर एकदा उचलून, खाली आणून,
'साडेतीनशे,' म्हणाले, 'लाकूड ओलं आहे.'
त्यांनी अंक उघडून स्वतःचं पान वाचलं.
वायसर कुठे गेला, ते विचारलं नाही.
मी मात्र त्या रात्री
घरी जाऊन मूळ कागद शोधला
आणि कुठेही जाणार नाही अशा फायलीत लावला.

महिन्याभरानं चेंदणीच्या मासळी बाजारात
नागूबाईच्या इलेक्ट्रिक काट्याला
मिठानं धरलं होतं, म्हणून काका गेले.
मी बोंबील घ्यायला उभी.
पारडं ओलं होऊ नये म्हणून
नागूबाईनं वर गुळगुळीत कागद पसरलेला :
शाल, श्रीफळ, काकांचा चेहरा,
आणि मनमिळाऊवर एक खवला.

'काढ तो कागद,' काका म्हणाले.
'पाच ग्रॅम दाखवतोय. गिऱ्हाइकाचे जातायत.'
'अवो, तुमचाच फोटू हाय त्याच्यावर!'
'म्हणून तर काढ.'

तिनं काढला. पारडं पुसलं.
हिरवे आकडे थरथरले, पाच, शून्य, पाच,
आणि ते शून्यावर स्थिर होईस्तोवर
काका काही बोलले नाहीत.
मीही नाही.